नाताळचा गोड घास

सणाचा गोड पदार्थ तोंडात घालताना मनुष्य सहसा विचार करीत नाही, आणि करू नये असेच पुष्कळांचे मत असते. विचार उपवासाच्या दिवशी करावा, सणाच्या दिवशी आनंद करावा, अशी आपली साधी वाटणी आहे. ही वाटणी चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाताळच्या गोडाचे उपवासाशी फार जुने नाते आहे, आणि हे नाते विसरल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न आपल्या हातून निसटला आहे. नाताळात घरोघरी येणाऱ्या चॉकलेटाच्या निमित्ताने तो प्रश्न येथे मांडावा असे वाटते. जो पदार्थ पिकवणाऱ्याच्या मुलांनी अनेकदा चाखलेलाही नसतो, तो आपल्या मुलांच्या हातावर ठेवताना आपला आनंद निर्मळ राहतो काय? राहत नसेल तर काय करावे? पदार्थ टाकावा, प्रश्न टाकावा, की आणखी काही मार्ग आहे?

प्रथम जुन्या नात्याविषयी. पोर्तुगीज भाषेत ‘कोंसोआदा’ असा एक शब्द आहे. उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा हलका आहार हा त्याचा एक जुना अर्थ. नाताळची पूर्वसंध्या उपवासाची असे, म्हणून त्या रात्रीच्या जेवणालाही तेच नाव पडले. आणि नाताळात एकमेकांना द्यावयाच्या भेटीलाही तोच शब्द लागू झाला. गोव्यातील ‘कोंसवाद’ आणि मंगळूरकडील ‘कुस्वार’ ही त्याच शब्दाची रूपे मानली जातात. नेवऱ्या, कलकल, दोदोल यांनी भरलेले जे ताट रुमालाखाली झाकून शेजाऱ्यांकडे जाते, त्याच्या नावातच अशा प्रकारे उपवास, जेवण आणि दान हे तिन्ही अर्थ नांदत आहेत. पुढे नियम सौम्य झाले. परमप्रसादापूर्वीचा उपवास १९६४ पासून एका तासावर आला. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे एकूण नियमच नव्याने घालून दिले, आणि पूर्वसंध्येच्या उपवासाचे बंधन उरले नाही. हे योग्यच झाले. मात्र बंधन गेले तेव्हा त्या बंधनाने जे शिकविले होते ते आपण जपून ठेवले की नाही, हे एकदा पाहावयास हवे.

आमच्या वाशीम जिल्ह्यात, म्हणजे अमरावती धर्मप्रांताच्या या भागात, कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. कोणी नोकरीनिमित्त आलेले, कोणी शाळा-दवाखान्यांच्या निमित्ताने स्थिरावलेले. वसईसारखी गल्लीगल्लीतून दरवळणारी नाताळची भट्टी येथे नाही. तरीही आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास घरात काहीतरी गोड येऊ लागते. पूर्वी सुट्टीवर येणारा पाहुणा वसईहून किंवा गोव्याहून डबा आणीत असे. आता अकोल्याच्या, आणि वाशीमच्याही, दुकानांत लाल-सोनेरी वेष्टनातील नाताळची चॉकलेटे मांडलेली दिसतात. काही भगिनी घरीच कंपाउंडची लादी वितळवून साच्यात तारे, घंटा आणि सुचिपर्णी झाडे पाडतात. मध्ये काजू किंवा खोबरे भरतात. मुले साचा उलटा होण्याची वाट पाहत ओट्याशी उभी असतात.

या पदार्थाला आमच्याकडे खरोखरीच ऋतू आहे. कोकोचे लोणी साधारण चौतीस अंशांच्या आसपास वितळते. म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते, आणि म्हणूनच वैशाखातल्या विदर्भात ते दुकानातून घरी येईपर्यंत टिकत नाही. डिसेंबरातील थंडीत ते टणक राहते, मोडताना कटकन आवाज करते. शेतात तूर शेंगांनी लगडलेली, हरभरा हिरवा, ज्वारीचा हुरडा जवळ आलेला, अशा दिवसांत हा परका पदार्थ आमच्या घरात येतो आणि चार दिवस आमचा होऊन राहतो.

पदार्थ परका खरा, पण धर्मसभेला तो परका नाही. कोको ही मध्य अमेरिकेची देणगी. स्पेनने तो प्रदेश जिंकल्यावर तेथील धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक सर्वच या पेयाच्या आहारी गेले, आणि चॉकलेट प्याल्याने उपवास मोडतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला. तो विनोदाने विचारलेला नव्हता. १६३६ साली माद्रिदमध्ये आंतोनियो दे लेओन पिनेलो या विद्वानाने याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये या विषयावर लिहिले आणि पेय हे पेय आहे, त्याने उपवास मोडत नाही, या बाजूने मत दिले. पाण्यात किती कोको घातला तर पेयाचे अन्न होते, अंडे किंवा मक्याचे पीठ मिसळले तर काय, यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली.

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास या धर्मप्रांतात तर हा वाद भलत्याच थराला गेला. थॉमस गेज नावाच्या इंग्रज डॉमिनिकन संन्याशाने १६४८ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकिगत दिली आहे. तेथील प्रतिष्ठित स्त्रिया पवित्र मिस्सा चालू असताना दासींकडून ऊन चॉकलेट मागवून पीत असत. बिशप बर्नार्दिनो दे सालाझार यांनी बहिष्काराचा धाक घालून ही प्रथा बंद केली. स्त्रियांनी कॅथेड्रलच सोडले. पुढे बिशप आजारी पडून वारले, तेव्हा त्यांना चॉकलेटातूनच विष दिले गेले असा लोकप्रवाद पसरला, असे गेज लिहितो. लोकप्रवाद खरा की खोटा, यात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष जाते ते त्या पेला घेऊन येणाऱ्या दासीकडे. मिस्सेत चॉकलेट प्यावे की पिऊ नये यावर एवढे रण माजले. पण उपासना चालू असताना कोणाला तरी चुलीशी उभे राहून कोको घुसळावा लागतो, तिच्या मिस्सेचे काय, हा प्रश्न त्या हकिगतीत कोणी विचारलेला दिसत नाही.

आणि विशेष असे की, हाच चियापास बार्तोलोमे दे लास कासास यांचाही धर्मप्रांत. १५४५ साली ते तेथे पोहोचले. ज्या मालकांनी मूळ रहिवाशांना गुलाम करून राबविले, त्यांनी त्यांना मुक्त करून भरपाई केल्याखेरीज त्यांना पापक्षमा देऊ नये, असा दंडक त्यांनी घातला. मालक इतके खवळले की बिशपांना फार काळ तेथे राहता आले नाही. घास कोणत्या दिवशी खाल्ला याआधी तो कोणाच्या घामाचा आहे हे त्यांनी विचारले. तरी त्यांच्याही दृष्टीला एक मर्यादा होतीच. समोर दिसणाऱ्या रहिवाशांचे दुःख कमी करण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत अशी सूचना त्यांनी पूर्वी केली होती, आणि पुढे तिचा त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. जवळचे दुःख ज्याला दिसते त्यालाही दूरचे दुःख दिसेलच असे नाही. आपला प्रश्न नेमका येथे येऊन पोहोचतो, कारण आपल्या चॉकलेटामागचे दुःख फार दूरचे आहे.

कोकोचे झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण, दमट पट्ट्यातच वाढते. आपल्या देशात ते केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत घेतले जाते. परंतु जगातील अर्ध्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. फळ खोडालाच लागते. ते कोयत्याने तोडायचे, फोडायचे, पांढऱ्या गरासह बिया केळीच्या पानांखाली पाच-सात दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. एका झाडापासून वर्षभरात वाळलेले बी एखाद-दोन किलोच मिळते. हे सारे काम हाताचे आहे.

या हातांचा इतिहास सुखाचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरील कोकोच्या मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर नावाला करारबद्ध आणि प्रत्यक्षात गुलाम होते. हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने १९०६ च्या आपल्या पुस्तकात ते जगापुढे मांडले. इंग्लंडमधील कॅडबरी हे घराणे क्वेकर पंथाचे, धर्मशील आणि गुलामगिरीचे विरोधक म्हणून नावाजलेले. त्यांच्याच कारखान्यात या बेटाचा कोको येत होता. बराच काळ चौकशी आणि मनधरणी करून अखेर १९०९ साली त्यांनी तेथील खरेदी थांबविली. सज्जन माणसांनाही आपल्या मालाचा उगम मान्य करावयास किती वर्षे लागतात, याचे हे उदाहरण आहे. १९४८ पासून याच नावाची चॉकलेटे आपल्या देशातही मिळू लागली.

पुढे २००१ साली मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी कोकोच्या शेतीतील बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपविण्याचा करार केला. त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, २०२० साली, शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने अहवाल दिला. त्यात आयव्हरी कोस्ट आणि घाना येथील कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार बालके बालमजुरीत असल्याचा अंदाज मांडला होता. त्यांतील बहुतेक मुले स्वतःच्याच घरच्या शेतात राबतात. कोयता चालवणे आणि जड ओझी वाहणे ही त्यांची कामे. आईबाप क्रूर आहेत म्हणून हे घडत नाही. मजूर लावण्याइतका पैसा शेतात उरत नाही म्हणून घडते.

हे वाक्य वाशीमकराला समजावून सांगावे लागत नाही. आमचा जिल्हा सोयाबीनचा. आणि गंमत अशी की चॉकलेटाच्या बहुतेक वेष्टनांवर बारीक अक्षरांत ‘सोया लेसिथिन’ असा एक घटक छापलेला असतो. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना तो निघतो. शंभर ग्रॅम चॉकलेटात तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. पण त्यामुळे वितळलेले चॉकलेट सहज वाहते आणि महाग कोको-लोणी कमी लागते. ते सोयाबीन आमच्या रिसोड-मालेगावचे की परदेशचे, हे वेष्टन सांगत नाही. परंतु हे पीक घेणाऱ्याचे गणित आम्ही जवळून पाहतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता. बाजारात मात्र दिवाळीच्या सुमारास त्याहून पुष्कळच कमी भावाने माल विकावा लागला. त्याच वर्षी जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्या दोन देशांत शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकार ठरवीत असल्याने आणि रोग व पावसाने पीकही बुडाल्याने त्या तेजीचा थोडाच भाग झाडाखालच्या माणसापर्यंत पोहोचला. भाव पडला तरी शेतकरी मागे, भाव चढला तरी शेतकरी मागे. मानोऱ्याचा शेतकरी आणि घानाचा शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण एकमेकांची कहाणी ते दुभाष्याशिवाय समजतील.

येथे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्ही हलके मानत नाही, की वर्षातून एकदा शे-दोनशे रुपयांचा पुडा आणणाऱ्या सामान्य कुटुंबावर आयव्हरी कोस्टच्या मुलांचे ओझे का टाकता? आम्ही खाल्ले नाही तर त्यांना काय मिळणार? उलट मागणी घटली तर तेच आधी मरतील. हे खरे आहे. चॉकलेट टाकून दिल्याने कोणाचीही मजुरी वाढत नाही, आणि घरातल्या मुलाचा हिरमोड मात्र होतो. शिवाय सुख नाकारणे हेच पुण्य, ही आपल्या धर्मसभेची शिकवण नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी संयमाची चर्चा करताना अतिरेकाला दोष म्हटले आहेच. परंतु देवाने दिलेल्या सुखाविषयी कारणाशिवाय बधिर राहणे हाही दोषच मानला आहे. प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह लग्नाच्या मेजवानीत केले, आणि तेही पाण्याचा उत्तम द्राक्षारस करून.

मात्र काना येथील त्या प्रसंगात संत योहानाने जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, वाखाणला. पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी भरले होते त्यांना मात्र ते ठाऊक होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. चाखणे हे पाप नाही. चव घेणाऱ्याला उगम माहीत नसणे आणि भरणाऱ्याच्या वाट्याला चव नसणे, या दोहोंमध्ये जी भिंत उभी राहते ती मात्र देवाला मान्य नाही. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली हीच गोष्ट आजच्या भाषेत सांगितली: खरेदी हा केवळ पैशाचा व्यवहार नसून तीत नीतीही गुंतलेली असते. म्हणजे दुकानातून पुडा घेणाराही काही अंशी भोजनकारभारीच आहे, आणि विचारण्याचे कर्तव्य त्याच्याकडे आहे.

मग सामान्य कुटुंबाने करावे काय? जुन्या ‘कोंसोआदा’ने जे तीन अर्थ एका ताटात ठेवले होते, ते तिन्ही पुन्हा एकत्र आणावेत, एवढेच आम्ही सुचवू.

पहिला अर्थ उपवासाचा, म्हणजे थांबण्याचा. पुडा १५ डिसेंबरला घरात आला तरी तो मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर उघडावा. थांबल्याने चव वाढते हा त्याचा लहानसा फायदा; मोठा फायदा असा की, इच्छा झाली की वस्तू मिळालीच पाहिजे, या सवयीला वर्षातून एकदा तरी आळा बसतो. स्वस्तात, लगेच आणि हवे तेवढे मिळावे, या आपल्याच हट्टाचा भार शेवटी कोणाच्या तरी पाठीवर जातो. मुलांना थांबण्याचे कारण सांगितले तर ती थांबतात. कारण न सांगता अडविले तर ती चोरून खातात, आणि त्यात त्यांची चूक फारशी नसते.

दुसरा अर्थ दानाचा. आमच्यासारख्या विखुरलेल्या समाजात नाताळचे ताट शेजारधर्मावर चालते. दिवाळीला आपल्या घरी फराळ येतो, ईदेला शिरखुर्मा येतो. नाताळला आपली पाळी. केकमध्ये अंडे असते म्हणून कारंजा-शिरपूरकडील जैन शेजाऱ्यांना, किंवा माळकरी घरांना, आपण तो देऊ शकत नाही आणि संकोचाने काहीच देत नाही. हिरवा ठिपका पाहून घेतलेले किंवा घरी पाडलेले चॉकलेट येथे उपयोगी पडते. मात्र ताट केवळ परतफेडीच्या घरी जाऊन थांबू नये. धुणीभांडी करणारी बाई, सोयाबीन सोंगून गेलेले मजूर, घंटागाडीवरचा माणूस यांच्या मुलांच्या हातावरही तोच तारा पडावा; उरलेला, तुटलेला नव्हे, आपल्या मुलांना दिला तसाच अखंड.

तिसरा अर्थ जेवणाचा, आणि जेवणापूर्वी आपण आभारप्रार्थना म्हणतो. तीत ज्यांनी हे पिकविले त्यांचा उल्लेख असावा. परंतु प्रार्थनेचे शब्द व्यवहारात उतरले नाहीत तर ते हवेतच विरतात. आयव्हरी कोस्टचा मजुरीचा दर ठरविणे आपल्या हाती नाही; पण आपल्या शेतात सोंगणीला येणाऱ्या बाईची मजुरी ठरविणे आपल्या हाती आहे. ती नाताळपूर्वी चुकती करावी. आठवडी बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून वाचलेल्या पैशाचे चॉकलेट आणू नये. दहा-बारा वर्षांचे पोर कोणाच्या दुकानात किंवा घरात राबताना दिसले तर ‘आपल्याला काय’ म्हणून पुढे जाऊ नये. आणि जेथे दोन पुडे समोर असतील, त्यांतील एकावर कोको कोठून आणि कोणत्या अटीवर घेतला हे लिहिलेले असेल, तेथे दहा रुपये जास्त गेले तरी तो घ्यावा, किंवा एकाऐवजी अर्धाच घ्यावा. जो जवळच्या कापणाऱ्याला न्याय देतो त्यालाच दूरच्या कापणाऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार येतो.

यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला प्रिय असणारा उपवास कोणता ते सांगितले आहे: बंधने सोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटणे. सतराव्या शतकातील विद्वान चॉकलेटाने उपवास मोडतो काय हे तोलत बसले, तेव्हा हा अध्याय त्यांच्या पुढ्यातील ग्रंथात होताच. आपल्याही घरात तो आहे. यंदा नाताळच्या रात्री गव्हाणीपुढे मुलांना पुडा उघडून द्यावा, त्यांनी मनसोक्त चव घ्यावी, आणि हे कोठून आले असे त्यांनी विचारले तर ‘दुकानातून’ एवढे उत्तर देऊन थांबू नये. आयव्हरी कोस्ट कोठे आहे ते नकाशात दाखवावे, आंबवण-वाळवण कशी होते ते सांगावे, आणि त्यांच्याच वयाची मुले तेथे काय करतात तेही लपवू नये. मुलांना ते सोसवेल. कदाचित ती आपल्या वाट्यातील एक तारा बाजूला काढून ठेवतील आणि तो कोणाला द्यायचा असे विचारतील. त्या वेळी आपल्यापाशी शेजारचे एक नाव तयार असावे.